निवडलेला कोळसा

बाबा, त्या सकाळी मी आधी अंगण झाडून सडा टाकला, मग नळावर दोन खेपा केल्या, आणि शेगडीने नीट पेट घेतला तेव्हा तुम्ही दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होतात. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून आठ दिवस घर माझ्याकडे होतं. मला अकरावं लागलं होतं आणि घर आपल्याकडे आहे याचा मला फार तोरा होता. डब्यातल्या वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं. तुम्ही आदल्या दिवशीही अशीच भाजी खाल्ली होती आणि काही बोलला नव्हतात. निघताना तुम्ही कोपऱ्यातल्या तीन पोत्यांकडे हात केला आणि म्हणालात, "तिन्ही पोते निवडून ठेव वं. साहेब दुपारी येतीन." मी हो म्हटलं. तुम्ही गेलात. मी तांदूळ सुपात घेतले, खडे वेचले, कोंडा पाखडला, आधणात तांदूळ वैरले, आणि हातातलं सूप खाली न ठेवता पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं.

यातलं पुष्कळ तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला एकदा सगळं क्रमाने लिहून पाहायचं आहे. इथे सुरतला दुपारी दोन ते चार लाइट जाते, पंखा बंद पडतो, मी घरी साड्यांचे सुटे धागे कापून देते त्याला खोलीत उजेड पुरत नाही. तेवढ्या वेळात दाराशी बसून लिहिते.

तुम्ही तेव्हा खदानीत सँपलवाले होतात. बाकीची माणसं रुळांवरचे टब कोळशाने भरायची, तुम्ही कोळशाच्या भिंतीत छतापासून तळापर्यंत एक सरळ नाली कापायचात, खाली ताडपत्री अंथरून पडलेला प्रत्येक तुकडा गोळा करायचात, आणि तो कोळसा तपासायला जायचा. तुम्ही सांगायचात की या कामात ताकद लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. नालीत जे आलं ते सगळं घ्यायचं, चांगलं वाईट आपण ठरवायचं नाही. हे तुम्ही मला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात ते खदानीतलं बोलणं होतं. घरात निवडणं म्हणजे निवडणं. डाळ निवडतात, भाजी निवडतात, तांदूळ निवडतात. तुमच्या मनात असं होतं की पोत्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या सुटल्या आहेत, तर कोळशाच्या थराचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तिन्ही पोती वेगवेगळी लावून ठेवावी, साहेबाला ओळखू यावीत. ते मला फार उशिरा कळलं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की साहेब येणार आहे आणि बाबांचा कोळसा घाण आहे.

आणि घाण होताच तो. वरच्या पोत्यात निम्म्या ढेकळांना राखाडी मातीचा दगड चिकटलेला, कुठे पिवळट गंज, कुठे ओल. मी तसली सगळी ढेकळं बाजूला काढली. खाली चकचकीत चुरा होता, काचेसारखा, बोटांनी दाबला तरी फुटणारा. तो मी पाखडून टाकला, कारण चुरा कोण ठेवतं. खालच्या पोत्याचंही तसंच केलं. मधलं पोतं बरं होतं, त्याला हात कमी लागला. मग पाहिलं तर वरचं आणि खालचं पोतं निम्म्यावर आलेलं. बाबांचं माप कमी भरेल म्हणून मी चुलीमागच्या आपल्या जळणाच्या ढिगातले चांगले काळेभोर तुकडे घालून दोन्ही पोती होती तेवढी केली. निवडलेली घाण टोपलीत भरली आणि मागच्या रस्त्यावर जिथे बैलगाड्यांनी चिखल केला होता तिथे टाकून आले. शेजारची काकू म्हणाली, बरं केलंस, पाय घसरत होता. मी हात धुतले, तिन्ही पोत्यांची तोंडं तुमच्यासारखीच गाठ मारून बांधली, आणि भात करपला होता तो वरच्यावर काढून घेतला.

तो साहेब नागपूरहून यायचा. तरुण होता, हिंदी बोलायचा, आणि तुमच्या शेजारी जमिनीवर बसून डबा खायचा याचं तुम्हाला केवढं अप्रूप होतं. त्याने आधी एकदा स्वतः छताजवळचा एक तुकडा नेला होता आणि त्यात त्याला एक धातू सापडला होता. नवीन निघालेल्या छोट्या रेडिओंमध्ये तो धातू लागतो, कणभर, असं त्याने तुम्हाला सांगितलं होतं. त्याचं नाव जर्मेनियम. तुम्ही घरी येऊन आम्हाला सांगितलंत तेव्हा जर्मन धातू असं म्हणालात, आणि ते आपल्या घरांच्या ओळीत पसरलं, आणि पंधरा दिवस ओळ हसत होती. आपल्याकडे जर्मन म्हणजे पांढरी हलकी भांडी. नळावर बायका आईला विचारायच्या, आता खदानीतून पातेली निघतीन काय वं, एखादं झाकण आमच्यासाठी ठेव. तुम्हीही हसायचात. पण साहेब म्हणाला होता की थोडा जास्त कोळसा नीट कापून द्या, वरचा, मधला, खालचा, वेगवेगळा. पुन्हा तसाच निकाल आला तर त्याच्या पथकाबरोबर तुम्हाला कायमचं घेतो. म्हणून तुम्ही सुट्टीच्या दिवशी खाली उतरून ती नाली कापली होती. ऑफिसचं गोदाम गळत होतं, म्हणून पोती घरी आणली होती. दुपारी साहेब जीप घेऊन आला आणि पोती घेऊन गेला. तुम्ही संध्याकाळी मला विचारलंत, पोती दिली ना? मी म्हटलं, दिली. मला वाटलं होतं साहेब म्हणेल, इतका स्वच्छ कोळसा मी कुठे पाहिला नाही.

दोन महिन्यांनी साहेब परत आला. त्या दिवशी दादा तुमचा डबा घेऊन गेला होता, म्हणून पुढचं सगळं मी दादाकडून ऐकलं, एकदा नव्हे, पुढे तीस वर्षं ऐकलं. साहेबाने अर्धा नमुना जपून ठेवला होता. ऑफिससमोर, हजेरीच्या वेळेला, सगळ्यांदेखत त्याने वरच्या पोत्यातला कोळसा फरशीवर ओतला आणि म्हणाला, "इसमें ऊपर का माल कहाँ है? ये तो बीच का है. बाहर के ढेर से भर दिया?" दादाने पुढे होऊन पाहिलं. त्याला कोळसा कळत होता, खदानीच्या मुलांना कळतो. ते तुकडे आपल्या चुलीमागे असतात तसेच होते. तुम्ही म्हणालात, मीच कापला साहेब, छतापासून कापला. साहेबाला ओरडायची सवय नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं असावं. त्याने हात झटकले आणि जीपमध्ये बसला. त्याचं पथक पुढे दुसऱ्या खदानींकडे गेलं. आपल्या खदानीबद्दल काही नाही असा शेरा बसला.

त्या संध्याकाळी आई अंगणात होती, दादा घरी आलाच नव्हता. तुम्ही हातपाय धुऊन पाटावर बसलात आणि मी ताट वाढलं. पहिला घास घ्यायच्या आधी तुम्ही मान खाली ठेवूनच विचारलंत, "पोत्यांले कोनं हात लावला होता काय वं?"

मी म्हटलं, "नाही, बाबा."

तुम्ही "हव" म्हणालात आणि जेवलात. मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं काय झालंय ते. ओळीत कुजबुज होती, तुमचा चेहरा तसा होता, आणि पोत्यांचं काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं. भीती वाटली म्हणून नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलं असतंत तर कदाचित सांगितलं असतं. तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत. मी ताटातल्या भाजीकडे बघत राहिले. आजही मला तुमचं ते ताट दिसतं, पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंत का हे आठवत नाही. पाहिलं असेल तर तुम्हाला कळलंच असणार.

पंधरा दिवसांत तुमच्याकडून नालीचं काम काढून घेतलं आणि टब भरायला लावलं. लोक सँपलवाले म्हणायचे ते ढेरवाले म्हणू लागले. समोर नाही, पाठीमागे, आणि कधी कधी दादाच्या समोर. दादा तेव्हा मॅट्रिकला होता, गणितात पहिला यायचा. शाळेत पोरं त्याला विचारायची, पेपर घरूनच भरून आणला काय बे, ढेरातून. त्याने परीक्षा दिली नाही. तुमचा खोकला सुरू झाला त्या वर्षी तो खदानीत लागला आणि दोन वर्षांनी इकडे सुरतला कापडाच्या लूमवर आला. तुम्ही गेलात तेव्हा तो आला, खांदा दिला, पाणी पाजलं आणि तिसऱ्या दिवशी निघाला. पित्रांच्या पंधरवड्यात तो आईचं पान वाढतो. तुमचं वाढत नाही. वहिनी एकदा म्हणाली, दोन वाढले तर काय बिघडतं. तो म्हणाला, ज्याने एक दिवस आळस केला आणि माझं आयुष्य ढेरावर टाकलं त्याला मी घास का ठेवू.

तो आळस नव्हता हे मला माहीत होतं, बाबा. पण माझ्याकडे एक हिशेब होता, त्याच्या आधाराने मी इतकी वर्षं काढली. मी टाकली ती माती आणि चुरा. धातू मातीत कसा असेल, तो तर कोळशात सापडला होता. मी दगड काढले तर कोळशातला धातू वाढायला हवा, कमी कसा होईल. म्हणजे त्या खदानीत तो मुळातच नसणार, साहेबाचा पहिला तुकडाच कुठून तरी आलेला असणार. साहेब चुकला, बाबा चुकले नाहीत, आणि मीही नाही. हे मी स्वतःला भांडी घासताना सांगितलंय, लग्नानंतर रेल्वेत सांगितलंय, तुम्ही गेल्याची तार आली त्या दिवशीही सांगितलं.

माझं लग्न दादानेच जमवलं, इथलंच. माझे मालक उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. शाळेत गेलेले नव्हते, पण मला वाचायचा नाद आहे हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं. मी पुड्याचे कागद सरळ करून वाचायची. मग ते मिलबाहेरच्या पस्तीवाल्याकडून रद्दीतली पुस्तकं आणायला लागले. त्यांना नाव वाचता येत नव्हतं, म्हणून जाडी बघून आणायचे. म्हणायचे, हे घे, हे जास्त दिवस पुरेल. असं मी काय काय वाचलंय. शेतीचं, कायद्याचं, बाळंतपणाचं, गुजराती आणि हिंदी दोन्ही, अक्षर लावत लावत. त्यात एक कव्हर फाटलेलं हिंदी पुस्तक होतं, कॉलेजच्या मुलांचं, जमिनीखाली काय काय असतं त्याचं. लोखंडाचं वाचलं, मिठाचं वाचलं, गारगोटीचं वाचलं. कोळशाचं प्रकरण मी वाचलं नाही. तिथे आले की पानं एकत्र धरून पुढे जायची. ते जाऊन आता सहा वर्षं झाली, पुस्तक फळीवर तसंच होतं.

दादाबद्दल मी वाईट लिहिते आहे असं समजू नका. हे गेले तेव्हा माझं सगळं त्यानेच केलं. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत स्टेशनवर पळत होतं तेव्हा तो वहिनीला आणि पोरींना गाडीत बसवून एकटा परत आमच्या वस्तीत, गोडादऱ्याला आला, माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, चल, चप्पल घाल. मी म्हटलं, मला कोण आहे तिकडे. तो म्हणाला, मी आहे ना, का मेलो. इथे माझं म्हणावं असं ते एकच घर आहे. म्हणूनच मी त्याच्यासमोर कधी काही बोलले नाही. हेही लिहायलाच हवं.

गेल्या रविवारी त्याने मला बोलावलं. मोठ्या पोरीचं लग्न ठरलंय, मुलगा वर्ध्याकडचा, इथे जरीच्या कामात आहे. पत्रिकेचा मजकूर लिहायचा होता आणि घरात माझंच अक्षर चांगलं. मी पोरीचं नाव लिहिलं, आणि कंसात नेहमी लिहितात तसं तुमच्या नावाआधी कैलासवासी लिहून पुढे यांची नात असं लिहायला घेतलं. दादाने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, ते नको. फक्त यांची कन्या लिही. वहिनी म्हणाली, अहो, मुलाकडचे विचारतील, पोरीला आजा नव्हता का. तो म्हणाला, सांगा नव्हता. पोरगी तिथेच बसली होती, मेंदीचे नमुने बघत, तिने मान वर केली आणि गुजरातीत काहीतरी पुटपुटली, बहुतेक असं की मला न विचारता माझे आजोबा कसे काढले. दादाला राग आला. मी म्हटलं, दादा, बाबांनी आळस केला नसेल. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "मग वरच्या पोत्यात मधला कोळसा आला कुठून? मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तू सांग, कुठून आला?"

मजकूर गुरुवारी छापखान्यात द्यायचा होता. मी तो अर्धा लिहून तसाच ठेवला आणि घरी आले.

सोमवारी दोन गठ्ठे साड्यांचे होते, त्यांचे धागे कापले. मंगळवारी हात चालेना. फळीवरचं पुस्तक काढलं आणि कोळशाचं प्रकरण उघडलं. खरं सांगते, मी काही शिकायला उघडलं नव्हतं. माझा हिशेब बरोबर आहे असं छापलेलं कुठे सापडतं का, ते बघायचं होतं. दगड टाकला तर धातू कमी होत नाही, एवढं एक वाक्य मला पुरलं असतं.

त्यात असं लिहिलं आहे. कोळसा म्हणजे दलदलीत पडलेली झाडं, हे तुम्ही मला सांगितलंच होतं. छताच्या दगडावर उमटलेलं पान दाखवलं होतंत, बोटाएवढं लांब, शिरांसकट, आणि ते मला दिलंही होतंत. ती झाडं पाण्यात अर्धवट कुजतात. आजूबाजूच्या डोंगरांतून पाणी येतं, त्या पाण्यात खडकातले धातू विरघळलेले असतात, इतके थोडे की पाण्यात आहेत हे कळूही नये. पण कुजलेल्या पाल्याला आणि लाकडाला एक गुण असतो. ती दोन्ही जाणाऱ्या पाण्यातून धातू धरून ठेवतात आणि सोडत नाहीत. पाणी हजारो वर्षं येत राहतं, जात राहतं, धातू मागे राहतो. म्हणून डोंगरात ज्याचा कण सापडत नाही तो कोळशात सापडतो. पुढे सगळं गाडलं जातं, वर वाळू आणि माती बसते, तरी पाणी थांबत नाही. ते वरून झिरपतं, खालूनही येतं. कोळशाच्या थराला ते आधी कुठे लागणार? वरच्या कडेला आणि खालच्या कडेला. जे धरायचं ते तिथेच धरलं जातं. मधल्या कोळशापर्यंत पाणी पोचतं तेव्हा त्यात काही उरलेलं नसतं. जर्मेनियमचं तर खास असंच होतं, असं त्यात नावानिशी लिहिलंय. छताला चिकटून वीतभर, तळाला चिकटून वीतभर. आणि त्यातही झाडाच्या लाकडाचा जो चकचकीत, काचेसारखा, लवकर फुटणारा कोळसा होतो, त्यात जास्त.

शेजारी आकृती होती. कोळशाचा उभा थर, आणि त्याला लागून एक रेघ, वर फुगलेली, मध्ये बारीक होत होत नाहीशी झालेली, खाली पुन्हा फुगलेली. मला आकृत्या पटकन कळत नाहीत, पण ही कळली, कारण ही मी पाहिलेली आहे. मिलमध्ये कधी कापडाचा गठ्ठा नीट न उलगडता रंगात गेला तर बाहेरच्या घड्या गडद निघतात आणि आतली घडी फिकी राहते. असा माल बाद होतो. हे कधी कधी त्यातला तुकडा घरी आणायचे, मी त्याची उशांना खोळ शिवायची. रंग पहिल्या घडीनेच पिऊन घेतलेला असतो.

मी वरच्या पोत्यातून नेमकी पहिली घडी काढून टाकली होती, बाबा. छताचा दगड ज्याला चिकटला होता तोच छताजवळचा कोळसा होता. जो चुरा मी पाखडला तोच लाकडाचा होता. आणि जागा भरायला जे घातलं ते मधलं होतं, ज्यात काही नसतंच. अनोळखी माणसाने मुद्दाम बिघडवायचं ठरवलं असतं तरी त्याला इतकं नेमकं साधलं नसतं.

त्याच प्रकरणात पुढे असंही आहे की कोळसा जळतो तेव्हा यातले काही धातू धुराबरोबर उडतात आणि धुराड्याच्या काजळीत पुन्हा गोळा होतात, आणि काही देशांत ती काजळी खरवडून त्यातून काढतात. मला ह्यांच्या बनियनची आठवण झाली. सुट्टीच्या दिवशी धुराडं साफ करून यायचे, मानेच्या वळ्यांत, कानांत, नखांत बारीक राखाडी बसलेली असायची. मी दोन दोन पाणी काढून ती मोरीत सोडायची. आता त्या मिलच्या कोळशात काही होतं का नव्हतं, कोणाला माहीत. पण पुस्तक मांडीवर घेऊन बसले असताना असं वाटलं की माझ्या घरातल्या दोन्ही माणसांनी जे अंगावर वागवलं ते मी धुऊन टाकलं, आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं मी स्वच्छता करते आहे. मग हेही वाटलं की आता असं मनाला लावून घेणंसुद्धा फार झालं. मला शेहेचाळीस झाली. थकले आहे. दुःख काही नवीन नाही, तेच आहे, फक्त त्याला टेकायला जी भिंत होती ती गेली.

धातू गेला त्याचं मला काही वाटत नाही. तो निघाला असता तरी आपल्याला रेडिओ मिळाला नसता. पण तुम्ही नाली खरी कापली होती. सुट्टीच्या दिवशी, एकट्याने, कंदील लावून, छतापासून तळापर्यंत, चांगलं वाईट न ठरवता. त्या खदानीत तो धातू होता आणि तुम्ही तो बरोबर काढून घरी आणला होता. हे त्या मंगळवारी या जगात फक्त मला माहीत होतं, आणि गुरुवारच्या आत ते दादाला सांगितलं नाही तर पोरीच्या पत्रिकेत तुम्ही नसणार होतात. सांगितलं तर माझं हे एक घर राहील का नाही, ते मला माहीत नव्हतं. त्याचं शिक्षण माझ्यामुळे गेलं, तुमच्यामुळे नाही. ज्याने प्लेगमध्ये मला नेलं त्याला हे सांगायचं होतं. संध्याकाळपर्यंत मी दारातून तीनदा उठले आणि तीनदा बसले.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. लिहून झालं की त्याच पुस्तकात ठेवीन, कोळशाच्या पानांत. तुम्हाला सांगायचं होतं ते बहुतेक सांगून झालं. एक राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी दादाच्या खात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यावर गेले. पाळी सुटायला वेळ होता, लूमच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नाही, म्हणून फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी थांबले. तो बाहेर आला, मला पाहून घाबरला, पोरीला काही झालं का म्हणाला. मी म्हटलं, नाही, बस. आणि पोत्यांचं सगळं सांगितलं, सुपापासून चिखलापर्यंत. पुस्तकातली आकृती बोटाने बाकड्यावर काढून दाखवली. त्याच्या केसांत कापसासारखे तंतू अडकलेले होते, ते तो एक एक करून काढत राहिला. चहा तसाच गार झाला. मग त्याने खिशातून पत्रिकेचा तो अर्धा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, लिही. मी कंसात तुमचं नाव लिहिलं. त्याने कागद हातात घेऊन ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे न उचलता म्हणाला, "अकरा वर्षांची तू. तुला काय कळणार. पण बाबांनी घरात एकदा तरी विचारायला पाहिजे होतं. विचारलंच नाही का गं कधी त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही."